बैलाचा खुराक, बाबांचं ताट

यात्रा जवळ आल्या की जुन्नर आणि आंबेगावच्या गोठ्यांत भिजवलेल्या पेंडीचा आणि उडदाचा वास भरून राहतो. बैलगाड्याच्या घाटात पळणाऱ्या बैलाला काय घालायचं, किती घालायचं, सरावाला जुंपलं त्या दिवशी किती वाढवायचं, पोहायला नेलं तर कधी द्यायचं, हे सगळं गाडामालकाला तोंडपाठ असतं. कुणी दूध पाजतं, कुणी अंडी. बारी जराशी जरी मागे पडली तरी मालक आधी दावणीकडे बघतो.

त्याच मालकाने पासष्टी ओलांडलेली असते. त्याला विचारावं, आज सकाळी तुम्ही काय खाल्लं? बहुतेक वेळा उत्तर येतं, "चहा घेतला की!"

आता असं एक घर डोळ्यांसमोर आणा. वडील ६७ वर्षांचे, मुलगा पस्तिशीतला. दोघांचं वजन साठ किलोच्या आसपास. दोघं पहाटे शिवनेरीच्या पायथ्याला मोटारसायकल लावतात, सात दरवाजे ओलांडून गडावर जातात आणि ऊन चढायच्या आत खाली येतात. वडलांना पुण्यातल्या एका शर्यतीत ज्येष्ठांच्या गटात धावायचं आहे. घरी आल्यावर एकाच तव्यावरची भाकरी, एकाच पातेल्यातली आमटी. वर्षभरात मुलाच्या मांड्या भरल्या आणि वडलांची पँट कमरेला ढिली झाली. वडलांचा प्रश्न रास्त आहे : "चढ तोच, भाकरी तीच, मग माझंच का झिजतं? जिममधली पोरं डब्यातली पावडर घेतात, ती मी घेतली तर भरून येईल का?"

डबा उघडण्याआधी मांडीच्या आत काय चाललं आहे ते पाहू.

झडणारी आणि लिंपली जाणारी भिंत

मातीच्या घरात वाढलेल्यांना हे लगेच कळेल. पावसाळ्यात भिंत थोडी थोडी झडते, उघडीप मिळाली की घरातल्या बाया ती लिंपून घेतात. झडणं आणि लिंपणं बरोबरीने चालू असेल तोवर भिंत आहे तशी दिसते. स्नायूंचंही तसंच आहे. त्यांतल्या प्रथिनांपैकी साधारण एक ते दोन टक्के रोज मोडतात आणि तेवढीच नव्याने बांधली जातात. लिंपायची माती येते जेवणातल्या प्रथिनांतून. पचनात प्रथिनांचे बारीक तुकडे होतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. ती वीस प्रकारची असतात आणि त्यांतली नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती ताटातूनच यावी लागतात.

तिशी-चाळिशीनंतर लिंपणं हळूहळू मागे पडू लागतं. दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर उतरते. या झिजेला १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने 'सार्कोपेनिया' असं नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ मांसाचं दारिद्र्य. त्याआधी या अवस्थेला धड नावही नव्हतं. म्हातारपण म्हटलं की विषय संपत असे.

ही झीज सगळीकडे सारखी होत नाही. आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे धागे असतात. संथ पण चिवट धागे तासन् तास चालायला उपयोगी पडतात. चपळ आणि जोरकस धागे ठेच लागल्यावर तोल सावरायला, ओझं झटक्यात उचलायला, शर्यतीच्या शेवटच्या शंभर मीटरला कामी येतात. वय वाढलं की दुसऱ्या प्रकारचे धागे जास्त बारीक होतात. म्हणून सत्तरीतला वारकरी पंढरपूरपर्यंत चालत जातो, पण एसटीच्या उंच पायरीवर चढताना दांडी घट्ट धरतो.

मिस्त्रीला कमी ऐकू येतं

बांधकामावर विटा येऊन पडल्या तरी मुकादमाने हाळी दिल्याशिवाय मिस्त्री थापी उचलत नाही. स्नायूंच्या बांधकामात ही हाळी देण्याचं काम ल्युसिन नावाचं एक अमिनो आम्ल करतं. जेवणानंतर रक्तातलं ल्युसिन पुरेसं वाढलं की स्नायूच्या पेशीतली बांधकामाची यंत्रणा जागी होते आणि मग बाकीची अमिनो आम्लं विटांसारखी वापरली जातात. तरुणपणी हलकी हाळी पुरते. वय वाढलं की मिस्त्रीला कमी ऐकू येऊ लागतं. तो काम करू शकतो, विटाही समोर असतात, पण हाळी जोरात द्यावी लागते.

किती जोरात, हे संशोधकांनी मोजलं आहे. तरुण आणि वयस्क पुरुषांवर झालेल्या अनेक प्रयोगांची आकडेवारी २०१५ मध्ये एकत्र तपासली गेली. बांधकाम पुरेपूर सुरू होण्यासाठी तरुणांना एका वेळच्या खाण्यात वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.२४ ग्रॅम प्रथिनं पुरली, तर सत्तरीच्या आसपासच्या पुरुषांना ०.४० ग्रॅम लागली. साठ किलोच्या माणसाचा हिशेब केला तर मुलाला एका जेवणात १४-१५ ग्रॅम पुरतात आणि वडलांना २४ ग्रॅम लागतात.

आता ताट बघू. बाजरीच्या दोन भाकरींत मिळून सुमारे १४ ग्रॅम प्रथिनं, पातळ आमटीच्या वाटीत तीन-चार ग्रॅम. एकूण १७-१८. मुलाचा उंबरठा ओलांडला गेला, वडलांचा राहून गेला. भाकरी तीच, आमटी तीच, तरी एकाच्या मांडीत थापी चालू आणि दुसऱ्याच्या मांडीत मिस्त्री बसून. सकाळी नुसता चहा असेल तर ती वेळ दोघांचीही वाया जाते, पण मुलगा दुपारी आणि रात्री भरून काढतो. वडलांचा दिवसच्या दिवस हाळीविना जाऊ शकतो.

यात आणखी एक बारकावा आहे. वरचे आकडे दूध, अंडं यांसारख्या सहज पचणाऱ्या प्रथिनांवरून काढलेले आहेत. धान्याची प्रथिनं तेवढी कामी येत नाहीत. ज्वारीत तर ल्युसिन चांगलं भरपूर असतं, पण शिजल्यावर तिची प्रथिनं पचायला अवघड होतात आणि लायसिन हे दुसरं गरजेचं अमिनो आम्ल तिच्यात कमी पडतं. ते डाळी-कडधान्यांत भरपूर असतं. भाकरीबरोबर पिठलं किंवा मटकीची उसळ खायची आपली रीत इथे अगदी बरोबर बसते. अडचण फक्त प्रमाणाची आहे : भाकरी दोन आणि उसळ चमचाभर.

मिस्त्रीचे कान साफ करणारी एक गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे जोराची कसरत. बैठका, वजन उचलणं, दम लागेल असा चढ, यांनंतर स्नायू एक दिवस किंवा त्याहूनही जास्त वेळ हाळीला चांगला प्रतिसाद देतात. म्हणून व्यायाम संपल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पावडर घ्यायलाच हवी, ही जिममधली घाई निराधार आहे. गडावरून उतरून, आंघोळ करून, निवांत बसून खाल्लेली न्याहारीही त्या वेळेत बसते. आणि कसरत थांबली की कान फार लवकर बंद होतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर निजवून ठेवलं. जेवण व्यवस्थित देऊनही त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो स्नायूंचं वजन गेलं. आजारातून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला "पडून राहा, आराम करा" एवढाच सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

चौकट : २४ ग्रॅम कसे जमवायचे?
(आकडे साधारण आहेत)

बाजरीची एक भाकरी : ७ ग्रॅम
पेलाभर दूध (२५० मिली) : ८ ग्रॅम
एक अंडं : ६ ग्रॅम
मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅम) : ७ ग्रॅम
मोड आलेली मटकी (कोरडी असताना ४० ग्रॅम) : ९ ग्रॅम
पिठल्यासाठी बेसन (३० ग्रॅम) : ६ ग्रॅम
सोयाबीनच्या वड्या (कोरड्या ३० ग्रॅम) : १५ ग्रॅम
पनीर (५० ग्रॅम) : ९ ग्रॅम

अंडी खाणाऱ्याची न्याहारी : दोन अंडी, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे = २७ ग्रॅम
माळकऱ्याची न्याहारी : वाटीभर मटकी, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे = २४ ग्रॅम

किडनीचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

दिवसभराचा हिशेबही सांगायला हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. निरोगी ज्येष्ठांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये १ ते १.२ ग्रॅम सुचवले. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम, म्हणजे तीन वेळा मिळून जवळपास तेच चोवीस-चोवीस.

नुसता खुराक काय करतो?

दावणीला बांधून ठेवलेल्या बैलाला खुराक घातला तर तो अंगाने सुटतो, पळत नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माणसाच्या बाबतीत हे सिद्ध करणारा एक सुंदर प्रयोग अमेरिकेतल्या बोस्टन शहरात झाला आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

वृद्धाश्रमातले शंभर रहिवासी, सरासरी वय ८७. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे चार गट केले. एका गटाला पायांची ताकदीची कसरत, एकाला पोषक पेय, एकाला दोन्ही, एकाला दोन्ही नाही. दहा आठवड्यांनंतर कसरत करणाऱ्यांची ताकद सरासरी ११३ टक्क्यांनी वाढली होती, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त. न करणाऱ्यांची ३ टक्के. जिने चढण्याचा जोर आणि चालण्याचा वेगही कसरतवाल्यांचा वाढला. नुसतं पेय घेणाऱ्यांच्या पायांत ताकद आली नाही.

मला या प्रयोगातला आणखी एक तपशील फार बोलका वाटतो. पेय देऊनही बसून राहणाऱ्यांचा दिवसभराचा एकूण आहार वाढलाच नाही, कारण त्यांनी पेय घेऊन जेवण कमी केलं. पोटात जाणारं एकूण अन्न खरोखर वाढलं ते कसरत आणि पेय दोन्ही मिळालेल्या गटात. कष्टाने भूक आणली आणि भुकेने खुराक अंगी लावला. घरात आजोबांना पावडरचा पेला दिला आणि त्यांनी दुपारची एक भाकरी कमी केली, तर हिशेब तिथेच राहतो.

वय फार झालं, आता काय सुधारणार, ही शंकाही काढून टाकावी. फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांनी वयाच्या १०१ ते १०३ या काळात शिस्तीने सायकलिंगचा सराव केला, तेव्हा शरीराची प्राणवायू वापरायची त्यांची कमाल क्षमता ३१ वरून ३५ वर गेली (दर किलोमागे दर मिनिटाला मिलिलिटर). आपल्याकडे बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या आणि जिंकलेल्या लता भगवान करे सगळ्यांना माहीत आहेत. पतीच्या उपचारांसाठी पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. २०२० मध्ये त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट आला. शर्यतीच्या दिवशी त्यांनी काय खाल्लं होतं यापेक्षा आयुष्यभराच्या मजुरीने आणि पायपिटीने त्यांच्या पायांत काय साठवलं होतं, ते मला मोठं वाटतं.

मंचरचं दूध, डब्यातली पावडर

आता डब्याकडे वळू. तो काही परक्या मुलखातला नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरला पराग मिल्क फूड्सचा दुग्धप्रकल्प आहे. कंपनी १९९२ मध्ये सुरू झाली, 'गोवर्धन' तूप आणि 'गो' चीजमुळे घराघरांत गेली आणि आता 'अवतार' या नावाने व्हे प्रोटीनची पावडरही बनवते. म्हणजे जिममधला पोरगा शेकरमध्ये हलवतो त्यातलं काही कदाचित आपल्याच तालुक्यातल्या गोठ्यातून, पहाटे डेअरीवर घातलेल्या दुधातून निघालेलं असतं.

ते निघतं कसं? श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगलं की चक्का वर राहतो आणि खाली हिरवट-पिवळं पाणी ठिबकतं. त्या पाण्यातही प्रथिनं असतात. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं, ते गोठतं. उरलेली २० टक्के पाण्यात विरघळलेली राहतात, त्यांनाच व्हे प्रथिनं म्हणतात. चीज करताना दही न लावता दूध विकराने गोठवतात, पण घडतं तसंच. दहा लिटर दुधातून साधारण एक किलो चीज मिळतं आणि नऊएक लिटर पाणी उरतं. एकेकाळी जगभरच्या डेअऱ्यांना हे पाणी कुठे ओतावं असा प्रश्न पडे. आज ते अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळतात. पाणी, साखर आणि क्षार पलीकडे जातात, प्रथिनं अलीकडे राहतात. मग गरम हवेत फवारून त्यांची पावडर करतात. एका लिटर पाण्यात सहा-सात ग्रॅमच प्रथिनं असल्याने ८० टक्के प्रथिनांची एक किलो पावडर करायला शंभराहून जास्त लिटर पाणी लागतं. किंमत चढते ती इथे.

हे प्रथिन पटकन पचतं आणि त्यात ल्युसिन सुमारे दहावा हिस्सा असतं. २५ ग्रॅम व्हे प्रथिनातून अडीच ग्रॅमच्या आसपास ल्युसिन मिळतं. मुकादमाची हाळी खणखणीत. कमी ऐकू येणाऱ्या मिस्त्रीसाठी ही सोय चांगली आहे, विशेषतः दात पडलेत, भूक मंदावली आहे, किंवा पहाटे गड चढून आल्यावर शेंगदाणे चावायचं जिवावर येतं अशांसाठी. पण ते शेवटी दूधच आहे. न्याहारीला चोवीस ग्रॅम जमत असतील तर डब्याने वेगळं काही मिळत नाही. ज्यांना दुधाने पोट फुगतं त्यांनी जास्त शुद्ध केलेलं 'आयसोलेट' घेतलं तर त्रास कमी होतो, कारण त्यात दुधातली साखर अगदी थोडी उरते.

क्रिएटिन : मांडीतला इन्व्हर्टर

प्रथिनांनंतर ज्येष्ठ खेळाडूंसाठी भक्कम पुरावा असलेलं पूरक एकच म्हणावं लागेल, क्रिएटिन. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरोल यांनी १८३२ मध्ये ते मांसातून वेगळं काढलं.

गावात वीज गेली की इन्व्हर्टर क्षणात दिवा लावतो. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो. स्नायूंतही तसंच आहे. एकदम जोर लावला की पहिल्या काही सेकंदांची शक्ती क्रिएटिन फॉस्फेटच्या साठ्यातून येते. श्वासातल्या प्राणवायूवर चालणारं मोठं यंत्र मागाहून वेग घेतं. क्रिएटिन घेतल्याने इन्व्हर्टरची बॅटरी थोडी मोठी होते. दहा बैठकांऐवजी बारा निघतात, आणि त्या जास्तीच्या दोन बैठका महिनोन् महिने साठत जातात. ज्येष्ठांवरच्या २२ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये आला. ताकदीच्या व्यायामाबरोबर क्रिएटिन घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १.४ किलोने जास्त वाढलं. त्यातला काही भाग स्नायूंत धरलेलं पाणी असू शकतो, पण ताकदही वाढलेली दिसली.

शरीर रोज सुमारे एक ग्रॅम क्रिएटिन स्वतः बनवतं, उरलेलं मांस-मासळीतून येतं. माळकऱ्यांच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक जास्त जाणवू शकतो. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं. लांब पल्ल्याच्या धावकाला मात्र त्याचा थेट उपयोग थोडा आणि अंगात वाढलेल्या पाण्याचं ओझं नको वाटेल असं.

एक गोष्ट इथे ठळकपणे सांगायला हवी. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं. किडनी तपासताना डॉक्टर हाच आकडा पाहतात. म्हणून पावडर चालू असल्याचं डॉक्टरांना आणि लॅबला आधी सांगावं, नाहीतर निरोगी माणूस घाबरून जातो. आणि ज्याची किडनी खरोखर दुखावलेली आहे त्याने हिच्या वाटेला जाऊ नये.

बाकीच्या बाटल्या

ड जीवनसत्त्वाची गोळी आज घरोघरी आहे. कमतरता असेल तर ती घ्यायलाच हवी. स्नायू आणि हाडं दोन्ही या जीवनसत्त्वाविना दुबळी होतात. उतारवयात उन्हापासून हे जीवनसत्त्व बनवायची त्वचेची ताकद तरुणपणाच्या निम्म्याहून कमी उरते, त्यामुळे शेतात राबणाऱ्यालाही ते कमी पडू शकतं. पण रक्तात पुरेसं असताना आणखी घेतल्याने पाय बळकट होत नाहीत. ऑस्ट्रेलियात वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा मोठा डोस दिला गेला, तेव्हा त्या जास्त वेळा पडल्या आणि हाडंही जास्त मोडली. हा निष्कर्ष २०१० चा आहे.

ब-१२ चं महत्त्व आपल्याकडे त्याहून मोठं आहे. ते फक्त प्राणिज पदार्थांत मिळतं, वयाबरोबर जठरातलं आम्ल कमी झाल्याने कमी शोषलं जातं, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणखी घटतं. कमतरतेने तळपायाची जाणीव बोथट होते, तोल जातो. गड उतरताना पाय कुठे पडतोय हे न कळणाऱ्याला पावडरने काय होणार? आधी रक्ततपासणी.

बीटरूटच्या रसाची गोष्ट गमतीची आहे. त्यातलं नायट्रेट लाळेतून जिभेवर येतं, जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे त्यापासून रक्तवाहिन्या सैल करणारा वायू तयार होतो. जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली की जिवाणू जातात आणि रस वाया जातो. तरुण धावकांना याचा थोडा फायदा दिसतो, ज्येष्ठांत निकाल संमिश्र आहेत. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दाब आणखी उतरू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावं.

आणि 'अँटिऑक्सिडंट'च्या महागड्या गोळ्या. नारायणगाव परिसरातल्या काळ्या द्राक्षांच्या सालीत रेस्व्हेराट्रॉल नावाचं द्रव्य असतं, ते तारुण्य टिकवतं म्हणून गोळ्यांतून विकलं जातं. २०१३ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी ६५ च्या आसपासच्या पुरुषांना आठ आठवडे व्यायाम दिला. निम्म्यांना रोज २५० मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. व्यायामाने दमसास सुधारला, पण रिकाम्या गोळीवाल्यांचा जास्त सुधारला. व्यायामात होणारी थोडी रासायनिक पडझड हाच शरीराला मिळालेला दुरुस्तीचा निरोप असतो. गोळीने तो निरोपच पुसून टाकला असावा. द्राक्षं खाणाऱ्यांनी काळजी करू नये. घडच्या घड खाल्ले तरी एवढा डोस पोटात जात नाही.

लेबल आणि आतला माल

२०२४ मध्ये भारतातल्या डॉक्टर-संशोधकांच्या एका गटाने बाजारातल्या ३६ प्रथिन पूरकांची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे ७० टक्के उत्पादनांत लेबलवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. १४ टक्क्यांत बुरशीची विषं होती, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश.

लेबल चुकतं, किंवा चुकवलं जातं, त्यामागे एक साधी पळवाट आहे. प्रथिनं मोजायच्या रूढ पद्धतीत यंत्र प्रत्यक्ष प्रथिन मोजत नाही, त्यातला नायट्रोजन मोजतं. फॅट दुधाचंच आहे का हे न बघता नुसत्या फॅटच्या आकड्यावर भाव ठरवण्यासारखं ते आहे. पावडरीत ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त द्रव्यं मिसळली की नायट्रोजनचा आकडा फुगतो, पण ल्युसिन वाढत नाही. म्हणून डब्यावर अमिनो आम्लांचा तक्ता आहे का, एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक आहे का, त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मिळतो का, हे पाहावं. 'गुप्त मिश्रण' लिहिलेला, आठवड्यात फरक दाखवणारा डबा घरात आणू नये. त्यात स्टेरॉइड असू शकतं, आणि रक्तदाब, हृदय, प्रोस्टेट या वयाच्या दुखण्यांना ते थेट भिडतं.

पस्तिशीपुढच्यांच्या मास्टर्स अॅथलेटिक्समध्ये उतरणाऱ्यांना उत्तेजकविरोधी नियम लागू असतात. भेसळीमुळे बंदी असलेलं द्रव्य अंगात गेलं, मला माहीत नव्हतं, असं म्हणून सुटका होत नाही. आजोबांचं पदकही परत जातं.

आजीचं ताट

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर सारखी एक बाई येते. पहाटे उठून धारा काढणारी, किटली डेअरीवर पाठवणारी, घरच्या दुधातला शेवटचा कप नातवाला देणारी आणि स्वतः कोरा चहा पिणारी. जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसणारी. तोवर उसळीतली मटकी संपलेली असते आणि रस्सा उरलेला असतो. तिच्या स्नायूंचा साठा मुळात पुरुषापेक्षा कमी, पाळी थांबल्यावर हाडंही झपाट्याने विरळ होतात. शर्यतीत ती उतरली नाही तरी लेण्याद्रीच्या तीनेकशे पायऱ्या तिला चढायच्या असतात. आपल्या तालुक्यांत दुधाची कमतरता नाही. पूरक आहाराची खरी गरज असलेलं माणूस घरात शोधायचं तर मी आधी तिचं ताट बघेन. तिच्या वाट्याचं पेलाभर दूध किटली भरण्याआधी बाजूला काढायला हवं.

ओट्यावरची खुर्ची

खुराक अंगी लागतोय की नाही हे गाडामालक बारीच्या सेकंदांवरून ओळखतो. माणसासाठीही घड्याळाची तशीच एक चाचणी आहे. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून बसा. नातवाला मोबाइलवर सेकंद लावायला सांगा आणि हाताचा आधार न घेता पाच वेळा पूर्ण उठा, पूर्ण बसा. गुडघा किंवा छाती दुखली तर तिथेच थांबा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांकडे लक्ष द्यायची वेळ आली आहे.

आकडा कॅलेंडरवर तारखेसह लिहून ठेवा. मग आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, गडाचा चढ आहेच, आणि न्याहारीला चोवीस ग्रॅम. तीन महिन्यांनी तीच खुर्ची, तीच भिंत, तोच नातू. आणि या वेळी आजीलाही बसवा.